सदुसष्ट मिनिटांची गाणी

पुंजाराम गायला बसला की एकलहऱ्याच्या क्वार्टर्समध्ये कुकरची शिट्टी कुणाला ऐकू जात नसे, असं त्याची बायको शकुबाई सांगायची, आणि त्यात तक्रार किती नि अभिमान किती हे तिचं तिलाच ठाऊक. दिवसभर तो वीज केंद्रात कोळशाच्या वॅगनी रिकाम्या करण्याच्या कामावर असे. संध्याकाळी अंघोळ करून हार्मोनियम पुढ्यात ओढी. आवाज जाड, खालचा, छातीतून येणारा. त्याच्या गायन पार्टीतले बाकीचे गायक वरच्या पट्टीत जाऊन गळ्याच्या शिरा ताणत. पुंजाराम कायम काळी एकमध्ये गायचा, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या सुराला सा धरून, आणि तिथून हलायला तयार नसायचा. कुणी आग्रह केला तर म्हणायचा, माझं घर इथं हाय.

गाणी त्याची स्वतःची. शाळा सातवीपर्यंतच, पण वहीत अक्षर मोत्यासारखं. एक गाणं त्याच्या आईवर होतं. वीज केंद्राची पहिली चिमणी उभी राहत होती तेव्हा तिने पायाभरणीत खडी वाहिली होती. गाण्यात ती डोक्यावर पाटी घेऊन चालते, थांबते, पाठीवरचं पोर सावरते, पुन्हा चालते. पुंजाराम ते इतकं सावकाश गायचा की ऐकणाऱ्याची मान दुखायला लागावी. वस्त्यावस्त्यांच्या कार्यक्रमांत त्या गाण्याची फर्माईश हमखास व्हायची.

त्याची मुलगी मनाली या आवाजातच वाढली. भाऊ बुद्धभूषण दोन वर्षांनी मोठा, पण त्याचं लक्ष क्रिकेटमध्ये. मनाली मात्र आप्पांच्या शेजारी बसून भाता मारायची, आणि कोणत्या ओळीच्या आधी आप्पा श्वास घेतात हे तिला पाठ होतं.

१९९६ च्या फेब्रुवारीत शहरातल्या एका कॅसेट कंपनीच्या मालकाने पुंजारामला बोलावलं. एप्रिलमधल्या जयंतीच्या आधी कॅसेट काढू, म्हणाला. एका रविवारी सकाळी नऊला पार्टी स्टुडिओत शिरली आणि संध्याकाळी सहाला आठ गाणी करून बाहेर आली. मनाली तेव्हा तेरा वर्षांची. तिला आत सोडलं नाही. ती दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून होती. दार उघडलं की आतला आवाज बाहेर येई, आणि तो घरच्यासारखाच होता.

मार्चच्या शेवटी कॅसेट आली. कव्हरवर पुंजारामचा फोटो, अंगातला कोट शेजाऱ्याचा. क्वार्टरच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली, शकुबाईने पेढे आणले, कुणीतरी टेपरेकॉर्डरला हार घातला. बुद्धभूषणने बटण दाबलं.

आवाज आला तो पुंजारामचा नव्हता. पातळ, घाईचा, नाकात शिरलेला. शब्द त्याचे, चाल त्याची, पण गाणारा कुणी भलताच. ढोलकी त्याच्या मागे लागल्यासारखी पळत होती. आईच्या गाण्यात ती माय खडीची पाटी घेऊन चालत नव्हती, तुरुतुरु धावत होती.

ओट्यावरचा एक जण म्हणाला की पुंजाराम, बायकी आवाज कशाला काढला? सगळे हसले. पुंजारामही हसला. मशीनीत आवाज असाच होतो, म्हणाला, आणि पेढ्याचा पुडा पुढे केला. मनालीने पेढा घेतला नाही. आप्पा हसले याचा तिला सगळ्यात जास्त राग आला. कुणी त्यांच्या तोंडावर दुसऱ्याचा चेहरा चिकटवला असता आणि ते असेच हसले असते, तर? तिला तसंच वाटत होतं, फक्त ते कुणाला सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने कॅसेट लावली आणि हार्मोनियम उघडली. काळी एक दाबली. जुळेना. एकेक सूर पुढे जात ती काळी दोनवर थांबली. तिथे कॅसेट तंतोतंत बसली. तिने सगळी आठ गाणी तपासली. आठही काळी दोनमध्ये. जो माणूस उभ्या जन्मात काळी एक सोडून गायला नाही, तो एका दिवसात आठ गाणी काळी दोनमध्ये कसा गाईल? आणि स्टुडिओतली हार्मोनियम दुसरी नव्हती, हीच होती. हार्मोनियम काही पट्टी बदलत नाही.

संध्याकाळी तिने आप्पांना करून दाखवलं. त्यांनी ते दोनदा ऐकलं. मग म्हणाले, आपला टेप जुना झालाय, त्याचं काही मनावर घेऊ नको. शकुबाई म्हणाली, शब्द कळत्यात ना? मग झालं.

झालं नव्हतं. टेप आपला बिघडलाय की कॅसेट, हे पाहायचं तर दुसरा टेप पाहिजे होता, आणि हार्मोनियमही पाहिजे होती. तिने बुद्धभूषणला गणिताच्या गृहपाठाचं आमिष दाखवलं. शनिवारी शाळा सुटल्यावर त्याने सायकलच्या कॅरियरला हार्मोनियम दोरीने बांधली, मनाली मागून हात लावून चालली, आणि दोघं एकलहऱ्याहून नाशिक रोडला आले. बिटको चौकाच्या मागच्या गल्लीत खंडेरावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं.

खंडेराव साठीचे, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं कमी. दारात हार्मोनियम घेऊन उभी असलेली दोन पोरं पाहून त्यांना वाटलं, भाता फाटलाय. मनालीने एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. कॅसेट आपल्या डेकमध्ये घातली, तिला सूर धरायला सांगितला. काळी दोन. दुसऱ्या डेकमध्ये घातली. काळी दोन. मग कॅसेट परत पहिल्या डेकमध्ये घालून त्यांनी तो उलटा केला, मोटरच्या पाठीमागच्या बारीक भोकात स्क्रू ड्रायव्हर घातला आणि तिला म्हणाले, काळी एक धरून ठेव, सोडू नको.

ती भाता मारत राहिली. स्क्रू केसभर फिरत होता. आवाज हळूहळू खाली उतरला, जड झाला, आणि एका जागी येऊन हार्मोनियमच्या सुरात विरघळला. खंडेरावांनी हात काढला. उठून त्यांनी दुकानाच्या आतल्या अंगाचा पडदा सारला. तिथे सागवानी फळ्यांच्या दोन पेट्या होत्या, मोडीत निघालेल्या थिएटरच्या स्पीकरांभोवती त्यांनी स्वतः बांधलेल्या. डेकची वायर त्यांनी तिकडे जोडली.

त्यानंतर जे झालं ते मनाली आजही सांगते तेव्हा तिचे हात हवेत जागा दाखवतात. आप्पा समोर बसले होते. पेट्यांमध्ये नाही, त्यांच्या मधल्या भिंतीपुढे, जिथे नुसतं एक स्टूल होतं तिथे. ढोलकी त्यांच्या डावीकडे. उजवीकडे टाळ, जरा मागे. आईच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी त्यांनी घेतलेला श्वास तिला ऐकू आला, अगदी तिथेच जिथे ते घरी घ्यायचे. खुर्चीची करकर आली. पान उलटल्याचा आवाज आला. गाण्यातली माय पुन्हा चालायला लागली होती. निघायची घाई करणारा बुद्धभूषणही उंबऱ्यावर बसला.

खंडेरावांनी भिंतीवरच्या घड्याळात वेळ लावली. एक बाजू संपायला साडेतेहतीस मिनिटं लागली. दोन्ही मिळून सदुसष्ट. कॅसेट होती साठ मिनिटांची.

"चूक नाही झालेली," ते म्हणाले. "मुद्दाम पळवलीय. सात मिनिटं जास्त होती म्हणून आवाजच दाबून बसवला."

मनालीला आधी ते कळलंच नाही. बिघाड समजू शकतो. पण कुणीतरी शुद्धीवर असताना बसून ठरवलं होतं की हा माणूस जरा जास्त जागा घेतोय, तर त्याला कापून बसवू. आणि त्या माणसाला विचारलंही नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती आप्पांना हात धरून घेऊन आली. पुंजाराम स्टुलावर बसला नाही, उभाच राहिला, टोपी हातात घेऊन. पहिलं गाणं संपेपर्यंत हलला नाही. संपल्यावर खंडेरावांकडे पाहून एवढंच म्हणाला, "हा मी हाय." मग त्याने तिथूनच कंपनीत जायचं ठरवलं, तसाच, कामाच्या कपड्यांत.

मालक काचेच्या कपाटाआड बसला होता. माणूस वाईट वागला नाही, चहा मागवला. पुंजारामने हळू आवाजात विचारलं, तर त्याने लपवलंही नाही. नव्वद मिनिटांची टेप महाग पडते, म्हणाला. एक गाणं काढावं तर आठ गाण्यांचं कव्हर छापून झालेलं. मग कॉपी मारताना थोडा वेग वाढवला, सगळेच करतात. पुंजारामने विचारलं, मूळ टेप मिळेल का? ती पुसली, म्हणाला. तिच्यावर दुसरं रेकॉर्डिंग केलंय. मग मनालीने तोंड उघडलं. एक गाणं कमी करू का म्हणून आप्पांना विचारलं का नाही, असं तिने विचारलं.

मालक कपाटाची काच फडक्याने पुसत होता. तो तिच्याशी नाही, पुंजारामशी बोलला.

"पुंजारामभाऊ, तुमच्या लोकांना आवाज मोठा लागतो. चांगला घेऊन ते करणार काय?"

तो रागात बोलला नव्हता. टोमणाही नव्हता. दुकानदार एखाद्या गिऱ्हाइकाची आवड जशी समजुतीने सांगतो तसं त्याने सांगितलं, आणि म्हणूनच ते वाक्य मनालीच्या अंगात काट्यासारखं रुतलं. तुमचे लोक म्हणजे कोण, हे तिथे कुणाला विचारायची गरज नव्हती. कव्हरवर निळ्या रंगात ते छापलेलंच होतं.

पुंजाराम म्हणाला, "बरं." चहा संपवला. उठला.

बसमध्ये मनाली त्यांच्याशी बोलली नाही. घरी आल्यावरही दोन दिवस बोलली नाही. मालकाचा राग होताच, पण त्या 'बरं'चा राग त्याहून वर होता. छातीतून गाणारा माणूस तिथे तोंडातल्या तोंडात बोलला होता. त्यामागचं कारण तिला कळायला वीस वर्षं गेली. तेव्हा पुंजाराम निवृत्त झाला होता आणि सहज बोलता बोलता म्हणाला, त्या मालकाकडं आपल्यातल्याच आणखी दोन पोरांच्या कॅसेटी निघायच्या होत्या. मी भांडलो असतो तर त्यांच्या निघाल्या नसत्या. मनालीची चीड गेली नाही, फक्त आप्पांवरून उठून पूर्णच्या पूर्ण त्या मालकावर जाऊन बसली.

तिला लोक विचारतात, हे हाय-फायचं वेड कुठून लागलं? उत्तर साधं आहे. ते आवडीतून नाही, संतापातून लागलं. आवड नंतर आली.

खंडेरावांच्या दुकानात ती दर रविवारी जाऊ लागली. त्यांनी पहिले सहा महिने तिला सोल्डरिंगची गन हातात दिली नाही. नुसतं ऐकायला बसवायचे. डोळे मिटून सांग, बासरीवाला कुठे बसलाय? हॉल लहान आहे की मोठा? गाणारी बाई माइकच्या जवळ आहे की लांब? चुकलं की पुन्हा लावायचे. हाय-फाय म्हणजे श्रीमंतांचं खेळणं असं तिला वाटायचं. खंडेराव म्हणाले, तो शब्द हाय फिडेलिटी, आणि फिडेलिटी म्हणजे इमान. जसं गायलं तसं ऐकवायचं, पदरचं काही घालायचं नाही, काही खायचं नाही. इमानाला श्रीमंती लागत नाही. हे ऐकून ती घरी गेली आणि वहीत लिहून ठेवलं.

शकुबाईला हे पसंत नव्हतं. पोरीच्या जातीनं पाना-पक्कड घेऊन गल्लीतल्या दुकानात बसायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. पण दहावीनंतर मनालीने सातपूरच्या आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या ट्रेडला नाव घातलं तेव्हा फीसाठी शकुबाईनेच कानातलं काढून दिलं. वर्गात सत्तावीस मुलगे आणि ती. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, वायरमनचं काम जमेल का? तिने उत्तर दिलं नाही. वर्षाच्या शेवटी त्याच्या मीटरचं रीडिंग तिने नीट करून दिलं, तेव्हाही दिलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी तिने पहिली जोडी बांधली. पेट्या प्लायवूडच्या, आतला अस्तराचा कापूस जुन्या गादीतला. आवाज बरा नव्हता, खालचे सूर मडक्यातून आल्यासारखे घुमायचे. तिने पेट्या पाडल्या, पुन्हा बांधल्या. असं चार वेळा. त्या वेळी तिला पाहायला मंडळी येत होती, आणि खोलीत उभी असलेली ती दोन धुडं पाहून विचारत होती, ही कपाटं का? ती म्हणायची, बसा, एक गाणं ऐका, मध्ये बोलू नका. तीन स्थळं तिथेच गळाली. चौथा मुलगा गाणं संपल्यावर म्हणाला, पुन्हा लावता येईल का? तो हरसूलला शाळेवर शिक्षक होता. आजही तिथेच आहे, शनिवारी घरी येतो, आणि रविवारी सकाळी अजूनही पुन्हा लाव म्हणतो.

मनालीला एकलहऱ्यालाच टेक्निशियनची नोकरी लागली. काम दाब आणि तापमान मोजणाऱ्या यंत्रांचं. यंत्र खरं बोलतंय की खोटं, हे तपासायचं. तिला ते काम मनापासून आवडतं. जेल रोडला फ्लॅट घेतला तेव्हा नवऱ्याने स्वयंपाकघर पाहिलं, तिने हॉलच्या भिंती टकटक वाजवून पाहिल्या.

इतकं झाल्यावर त्या मालकाचं वाक्य विरून जायला हवं होतं. विरलं नाही, कारण ते तिला पुन्हा पुन्हा भेटत राहिलं, वेगवेगळ्या तोंडांतून. २०१९ मध्ये कॉलेज रोडला महागड्या साउंड सिस्टिमचं मोठं शोरूम उघडलं. ती अर्धा दिवस रजा टाकून गेली. घ्यायचं काही नव्हतं, ऐकायचं होतं. सेल्समनने आधी तिच्या मागे पाहिलं, मग विचारलं, सर येणार आहेत का? सर हरसूलला आहेत, ती म्हणाली, आणि ऐकायला मीच आलेय. त्याने नाइलाजाने एक गाणं लावलं. अर्ध्या मिनिटात तिच्या लक्षात आलं. गाणारी मध्ये नव्हती, कुठेच नव्हती, खोलीभर पसरून विरली होती, आणि खालचे सूर गायब. दोन्हींपैकी एका स्पीकरची वायर उलटी जोडलेली होती, लालच्या जागी काळी. तिने तसं सांगितलं. सेल्समन हसला. आमचा इंजिनीअर मुंबईहून येऊन लावून गेलाय मॅडम, म्हणाला. तिने पुन्हा सांगितलं, मागे जाऊन बघा, दोन मिनिटांचं काम आहे. तो गेला नाही. त्याऐवजी त्याने काउंटरवरून मुठीएवढा ब्लूटूथचा डबा उचलला. हा तुमच्या बजेटमध्ये बसेल, म्हणाला, आणि आवाज खूप मोठा आहे याचा.

ती पायऱ्या उतरून खाली आली तेव्हा तिचे कान तापले होते. उलट्या वायरीवर लाखो रुपये मोजून कुणीतरी ती जोडी घरी नेणार होतं, तशीच जोडून घेणार होतं, आणि पुढची दहा वर्षं पाहुण्यांना अभिमानाने ऐकवणार होतं. त्या अनोळखी माणसाचीही तिला चीड आली. मग दयाही आली, पण चीडच जास्त.

खरा घाव मात्र घरातून बसला. बुद्धभूषण आता जयंती मंडळाचा सचिव होता. गेल्या वर्षी त्याने मिरवणुकीला डीजे ठरवला, ट्रकवर स्पीकरांची दुमजली भिंत. मनाली मिरवणुकीत होती, दरवर्षी असते. ट्रक जवळ आला तसा तिच्या बरगड्या हलायला लागल्या. ट्रकपुढे एक बाई तान्ह्या पोराला खांद्यावर घेऊन नाचत होती. मनालीने कामावरचा आवाज मोजायचा मीटर पिशवीतून काढून त्या पोराच्या कानाजवळ धरला. एकशे अठरा डेसिबल. वीज केंद्रात एवढ्या आवाजाच्या जवळ जायचं तर कानाला संरक्षण लावल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. तिने बाईला हाताला धरून गल्लीत नेलं. बाई भडकली, की सणाच्या दिवशी ही कोण मला अडवणारी?

दुसऱ्या दिवशी ती बुद्धभूषणच्या घरी गेली. मीटरवरचा आकडा लिहिलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. आप्पांच्या पिढीने हार्मोनियम आणि ढोलकीवर माणसं जागी केली, आणि आपण काय ऐकवतोय, त्या भिंतीतून एक तरी शब्द कळतो का, असं ती बोलत गेली. बुद्धभूषणने सगळं ऐकून घेतलं.

"मने, हळू आवाजात बोललेलं आपलं कधी कुणी ऐकलं?" तो म्हणाला. "आप्पांनी हळूच विचारलं होतं ना त्या मालकाला? काय झालं?"

तो पूर्ण बरोबर नव्हता, पण निम्मा होता, आणि त्या निम्म्याने तिचा संताप आणखी वाढला. ज्यांना हळू बोलल्यावर कुणी ऐकत नाही त्यांनी ओरडायला शिकावं, मग ओरडतात म्हणून त्यांना मोठाच आवाज विकावा, आणि शेवटी त्यांचे कान जावेत. या धंद्यात कुणाचं काही चुकलंच नाही, असं सगळे म्हणणार. ती घरी येऊन हॉलमध्ये बसली. काही लावलं नाही.

मग तिने भांडण सोडून एक अर्ज लिहिला. वस्तीतल्या बुद्धविहाराचा हॉल रविवारी सकाळी वंदनेनंतर दोन तास मिळावा, गाणी ऐकण्यासाठी. समितीने विचारलं, स्क्रीन लावणार का? नाही. नाच? नाही. मग लोक करणार काय? बसतील आणि ऐकतील, ती म्हणाली. समितीतले दोघं हसले. बुद्धभूषण हसला नाही. सचिव म्हणून त्याने सही केली, आणि रविवारी टेम्पो घेऊन आला. दोघांनी मिळून तिने बांधलेले स्पीकर तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून उतरवले. जिन्यात त्याची पाठ लचकली आणि तो आठवडाभर त्यावरून बोलला.

पहिल्या रविवारी सातजण आले. त्यांतले तीन पंख्याखाली बसायला आले होते. मनालीने तीस खुर्च्या मांडल्या होत्या. फोन बंद करा, मध्ये बोलू नका, एवढंच तिने सांगितलं, आणि तेही जरा तोऱ्यात, कारण तिला खात्री नव्हती. समितीतल्या एकाने मागून विचारलंच, मॅडम, जरा आवाज वाढवता का? नाही, ती म्हणाली.

तिने जुन्या बैठकीचं एक रेकॉर्डिंग लावलं. गायिका, पेटी आणि तबला, तिघंच. पुढच्या रांगेत बायडाबाई बसली होती. सत्तरीची, भाजीची पाटी बाजूला ठेवलेली. तिने आयुष्यात निवांत बसून गाणं ऐकलं ते फक्त रेडिओवर, आणि रेडिओही शेजारचा. पदर डोक्यावर ओढून ती स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या भिंतीकडे टक लावून पाहत होती. मनालीला वाटलं, तिला झोप लागणार.

गाणं संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, वाजवायच्या का हे कुणाला ठाऊक नव्हतं. समितीवाल्याने घड्याळ पाहिलं.

बायडाबाईने मान वळवली. चेहऱ्यावर चांगलीच नाराजी होती.

"ती बाई मधी थांबली तवा तबलजी घाईत सुटला," ती म्हणाली. "तिला दम घ्यायला दिला नाय त्यानं. हे बरं नव्हं."

मनालीने हे रेकॉर्डिंग शंभर वेळा तरी ऐकलं होतं. तिच्या लक्षात आलं नव्हतं. मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, असं काही झालं नाही, म्हातारीला भास झाला असेल. बायडाबाई खुर्चीत पुरती मागे वळली आणि तुझे कान साफ कर म्हणून त्याला सुनावलं. दुसरा एक जण म्हणाला, मलाही वाटलं तसं, दुसऱ्या आवर्तनात. तिसऱ्याने विचारलं, आवर्तन म्हणजे? पाच मिनिटांत सातही जण भांडत होते, एका श्वासावरून, आणि हॉलमध्ये सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता.

मनालीने त्यांना थांबवलं नाही. तिने गाणं मागे नेलं, गायिका थांबते त्या जागेच्या जरा आधी आणून ठेवलं, आणि मग एक खुर्ची ओढून त्यांच्यात जाऊन बसली.